लोड सेल मागवण्याआधी: पाणी, रसायने आणि उष्णतेच्या जागेची तयारी

कॅटलॉग उघडण्याआधी लोड सेल (वजनाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा सेन्सर) जिथे बसणार आहे त्या जागी जा, शक्यतो धुलाई चालू असताना. पाणी कुठून येते, किती जोराने, किती गरम, त्यात कॉस्टिक (धुलाईचा तीव्र अल्क) आहे की आम्ल, आणि ते साचते कुठे, हे टिपून घ्या. शेजारी भट्टी किंवा वाफेची लाइन असेल तर तापमान शेडचे नको, सेल बसेल तिथल्याच लोखंडाचे मोजा. बहुतेक सेलची अचूकता −१० ते ४० अंश सेल्सिअसपुरतीच दिलेली असते. त्यापुढे सेल बंद पडत नाही, पण शून्य, म्हणजे भार नसतानाचा आकडा, सरकू लागते.

मग क्षमता. रिकामा हॉपर (माल साठवायची टाकी) २००० किलो, माल २००० किलो आणि पाय ४, म्हणजे प्रत्येक सेलवर १ टन. भार सगळ्या पायांवर सारखा कधीच पडत नाही, माल वरून आदळतो, म्हणून २ टनांचा सेल घ्या. पण सुरक्षिततेच्या नावाखाली थेट १० टनांचा घेऊ नका. १० व्होल्ट पुरवठा आणि २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल पूर्ण भाराला फक्त २० मिलिव्होल्ट देतो. २ टनांच्या ४ सेलवर १ किलोला अडीच मायक्रोव्होल्ट मिळतात, १० टनांच्या ४ सेलवर अर्धाच मायक्रोव्होल्ट. एवढासा सिग्नल मोटरच्या केबलशेजारून न्यायचा असतो, हे विसरू नका.

आयपी आकड्यावर (धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या दर्जावर) मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी, ती आयपी ६९के. दोन्ही चाचण्या साध्या पाण्याच्या. कॉस्टिक, वाफ किंवा रोजचा तापण्या-थंडावण्याचा फेरा त्यात धरलेला नाही. तापलेल्या सेलवर थंड पाणी पडले की आतली हवा आकसते आणि ओल आत ओढली जाते. नुसत्या रबरी किंवा पॉटिंगच्या (आत रेझिन ओतून केलेल्या) सीलवर अशा जागी माझा भरवसा नाही; लेझर वेल्डिंगने पूर्ण बंद केलेला स्टेनलेस स्टीलचा सेलच मागवा. क्लोराइड असेल तर स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात, तेव्हा धातूचा नेमका ग्रेड पुरवठादाराकडून लेखी घ्या.

एवढे करूनही ओल शिरते ती बहुधा केबलमधून. वेष्टणाला चीर गेली की पाणी तारांच्या कडेने थेट गेजपर्यंत, म्हणजे सेलमधल्या भार मोजणाऱ्या पट्टीपर्यंत, पोहोचते. म्हणून केबलचे वेष्टण कशाचे आहे ते विचारा, ग्लँडजवळ (केबल आत शिरते त्या सीलजवळ) केबलला खाली झोल द्या, जंक्शन बॉक्स धुलाईच्या माऱ्याबाहेर ठेवा. चार तारांची केबल लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून ठेवा. तिची लांबी धरूनच कॅलिब्रेशन झालेले असते.

स्फोटक धूळ किंवा वायू असेल तर त्या धोक्याच्या झोनमध्ये सेल वापरता येतो याचे प्रमाणपत्र आधी, बाकी सगळे नंतर. जवळ वेल्डिंग होणार असेल तर सेलला समांतर तांब्याची अर्थ पट्टी लावा, नाहीतर करंट सेलमधूनच जाईल.

माल आला की बसवण्याआधी प्रत्येक सेलचे शून्य, ब्रिजचा (गेजच्या जोडणीचा) रोध आणि इन्सुलेशन सीरियल नंबरसह वहीत लिहा. पुढे शून्य सरकले तर ओल शिरली की भार तिरका पडतोय, हे त्याच आकड्यांवरून कळेल. इन्सुलेशन ५० व्होल्टवर तपासा. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) सेलला लावू नका, गेज कामातून जाऊ शकतो.