रविवारी ग्रेटिंगच्या रेघा मोजायच्यात, मग शनिवारीच काय काय जमवायचं

ग्रेटिंग म्हणजे अगदी बारीक, जवळजवळ रेघा असलेली पारदर्शक पट्टी; तिच्यातनं लेझर पॉइंटरचा उजेड सोडला की भिंतीवर ठिपके पडतात, आणि ठिपक्यांच्या अंतरावरनं मिलिमीटरला किती रेघा ते काढायचं. भाची बारावीला आहे, रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्याकडं येणार, आणि मागल्या वेळी माझी जी फजिती झाली ती परत नको म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय, कुणाला घरी करायचं असेल तर घ्या उपयोगाला.

सगळ्यात आधी भिंत बघा. लेझर, ग्रेटिंग हे सगळं नंतर. ग्रेटिंगवर १५००० एलपीआय असं छापलेलं असतं, म्हणजे इंचाला १५ हजार रेघा, २५.४ नं भागलं की मिलिमीटरला साधारण ५९०. हे आणि लाल पॉइंटर घेतला, ग्रेटिंग भिंतीपासून बरोबर १ मीटरवर ठेवलं, तर पहिला ठिपका मधल्या ठिपक्यापासून साडेएकेचाळीस सेंटीमीटरवर पडतो पण दुसरा जातो थेट १२० वर, आणि तेवढंच दुसऱ्या बाजूला, म्हणजे अडीच मीटर तरी मोकळी भिंत पाहिजे. आमच्या हॉलमध्ये तेवढ्यात शोकेस, कॅलेंडर आणि आजोबांचा फोटो येतो. फोटो काढून ठेवायचा, काचेवरनं लेझर उलटा येतो. शोकेस हलत नसेल तर दुसऱ्या ठिपक्याचा नाद सोडा, दोन्ही बाजूंच्या पहिल्या ठिपक्यांवर काम भागतं.

पॉइंटर लालच घ्या, महाद्वार रोडला मिळतो तसला. हिरवा जास्त झकास दिसतो खरा पण स्वस्तातल्या हिरव्यातनं न दिसणारा इन्फ्रारेड पण बाहेर येतो, घरात पोरं असताना कशाला. लेबलवर वेव्हलेंग्थ (उजेडाच्या लाटेची लांबी) बघून घ्या, बऱ्याचदा ६५० नॅनोमीटर लिहिलेलं असतं, पण काहींवर नुसतं ६३० ते ६८० असतं आणि मग उत्तरात तीन-चार टक्के इकडंतिकडं होणारच, ते आधीच मान्य करून बसायचं. पॉवर ५ मिलीवॅटच्या आत पाहिजे. पॉइंटरच्या तोंडात कुणी बघायचं नाही हे दहादा सांगायचं, आणि समोरच्या रेषेत स्टीलचा तांब्या, ताट, आरसा काही ठेवायचं नाही. जादा सेल आणून ठेवा. बटण दाबून धरायला दोरीवरचा कपड्याचा चिमटा लागतो, बोटानं धरला की ठिपका भिंतभर नाचतो.

आता पॉइंटर बसवायचा कशावर. मी पुस्तकांची चळत करून बघितली, सरकते. कणकेचा गोळा बेस्ट, त्यात पॉइंटर रोवला की पाहिजे तसा वळवता येतो. फक्त कणिक ताजी पाहिजे, सकाळी मळलेली संध्याकाळपर्यंत वाळते आणि पॉइंटर हळूहळू मान टाकतो, तुम्हाला वाटतं ग्रेटिंग हललं. ग्रेटिंगला वेगळा गोळा. त्याला कडेनंच धरायचं, मधे बोट लावायचं नाही आणि लागलंच तर पुसायला जायचं नाही, पुसून जास्त वाट लागते.

टेप सुताराची, लोखंडी. शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते. गुण्या (काटकोन बघायचं साधन) असेल तर आणा, कुठल्याही गवंड्याकडं मिळेल. लेझर भिंतीला सरळ काटकोनात पडला पाहिजे. ग्रेटिंग सरळ आहे का ते कळायला सोपी खूण आहे, त्याच्यावरनं मागं येणारा फिकट ठिपका परत पॉइंटरच्या तोंडावरच पडला पाहिजे. भिंत दोनच अंश तिरकी असली तरी डावा आणि उजवा ठिपका यांच्यात सव्वा सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून एकाच बाजूचं अंतर कधी घ्यायचं नाही, डाव्यापासून उजव्यापर्यंत मोजून निम्मं करायचं, तेवढ्यानं हा तिरकेपणा जवळजवळ निघून जातो. ठिपके आडवे न पडता वर-खाली पडले तर घाबरू नका, ग्रेटिंग पाव फेरा फिरवा.

भिंतीवर कोरे कागद आधीच चिकटवा. अंधार करा, ठिपक्याच्या मधोमध पेन्सिलनं खूण करा, मग लाईट लावून निवांत मोजा. पावसाळ्यात लाईट गेली तर उलट बरंच, टॉर्च तेवढी जवळ ठेवा.

आता माझी फजिती. मी भिंतीचं अंतर मोजलं पॉइंटरपासून. पॉइंटर ग्रेटिंगच्या १२ सेंटीमीटर मागं होता, म्हणजे १०० च्या जागी ११२ धरले, आणि उत्तर आलं ५३५. अर्धा तास दुकानदाराला शिव्या घातल्या. अंतर ग्रेटिंगपासूनच मोजायचं, वहीत हे मोठ्या अक्षरात लिहा. दुसरी चूक भाचीची, ती म्हणाली मामा, कोन लहान असला की साइन आणि टॅन सारखेच ना, आणि तिनं ४१.६ भागिले १०० केलं. त्यानं ६४० येतात. इथं कोन साडेबावीस अंशाचा आहे, लहान कुठला. आधी ४१.६ आणि १०० चा कर्ण काढायचा, १०८.३ येतो, ४१.६ भागिले १०८.३ हा झाला साइन, त्याला वेव्हलेंग्थनं, म्हणजे ०.०००६५ मिलिमीटरनं भागायचं, की ५९० च्या आसपास येतात. कॅल्क्युलेटर मोबाईलमधला चालतो.

अजून एक खूण वहीत लिहून ठेवा: या ग्रेटिंगला लाल लेझरचे पाचच ठिपके पडतात, मधला आणि दोन्हीकडं दोन दोन. तिसऱ्याचा साइन १.१५ येतो, आणि साइन कधी १ च्या वर जात नाही, म्हणून तो ठिपका नसतोच. सात दिसले तर ग्रेटिंग १५००० चं नाही, नाहीतर दुसरीकडनं कुठनं तरी उजेड परत येतोय.

आणि एक जुनी सीडी काढून ठेवा, लेबलवर चिकटपट्टी दाबून फर्रकन ओढली की चंदेरी पापुद्रा निघतो. खाली पारदर्शक चकती राहते, तिच्यात चर १.६ मायक्रोमीटरवर, म्हणजे मिलिमीटरला ६२५. बाहेरच्या कडेचा भाग वापरा, तिथं चर कमी वाकडे असतात. १ मीटरवर ठिपका साडेचव्वेचाळीसच्या आसपास आला तर तुमची मांडणी बरोबर आहे, मग ग्रेटिंग लावा. डीव्हीडी नको, तिच्यात चर ०.७४ वर असतात, पहिला ठिपकाच साठ अंशाच्या पलीकडं जातो आणि आमच्या हॉलमध्ये तो थेट टीव्हीवर पडतो.