हा आकडा नेमका कशाचा? उष्मारसायनाच्या गणितातल्या या चुका टाळा

प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना एक ओळ दरवर्षी न चुकता भेटते: ‘तापमान २५ वरून ३१.५ अंशांवर गेले, म्हणून डेल्टा एच अधिक.’ डेल्टा एच म्हणजे अभिक्रियेतला एन्थाल्पीचा बदल, सोप्या भाषेत तिने घेतलेली किंवा दिलेली उष्णता. गुणाकार बरोबर, दशांशचिन्ह जागेवर, आणि चिन्ह नेमकं उलटं. विचारलं तर उत्तर तयार असतं. “सर, तापमान वाढलंय ना? वाढलं म्हणजे अधिकच की.”

तर्क अगदीच टाकाऊ नाही. थर्मामीटर कशात बुडवला होता, एवढंच तो मुलगा विसरलाय.

थर्मामीटर पाण्यात होता. अभिक्रिया करणारे कण ही आपली प्रणाली. त्यांच्याभोवतीचं पाणी, कप, झाकण, खोलीतली हवा हा सगळा परिसर. आपण मोजतो ते परिसराचं तापमान, आणि डेल्टा एच लिहायचा असतो प्रणालीचा. पाणी तापलं याचा अर्थ पाण्याला उष्णता मिळाली आणि ती अभिक्रियेने दिली. देणाऱ्याच्या नावे उणे. म्हणून तापमान चढलं की डेल्टा एच उणे, अभिक्रिया उष्मादायी. तापमान उतरलं की डेल्टा एच अधिक, अभिक्रिया उष्माग्राही.

हीच गफलत उलट्या बाजूनेही होते. अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळवलं की कप हाताला गार लागतो. ‘गार झालं म्हणजे उष्णता बाहेर गेली’, असं बरेच जण लिहून मोकळे होतात. ती बाहेर गेलेली नाही. विरघळताना त्या क्षाराने ती पाण्याकडून घेतली, मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या) सुमारे २५.७ किलोजूल. आपला हातही परिसरातच मोडतो, म्हणून तो गारठतो.

मी आता मुलांकडून कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी दोन ओळी लिहून घेतो: ‘पाण्याला मिळाली इतकी. अभिक्रियेने दिली तेवढीच.’ बाळबोध वाटतं खरं, पण चिन्हाच्या चुका निम्म्याहून खाली याव्यात असं वाटत असेल तर यापेक्षा सोपी युक्ती मला तरी सापडलेली नाही.

एकच उदाहरण, घसरायच्या जागा अनेक

उदासिनीकरणाचा, म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिसळण्याचा, नेहमीचा प्रयोग घेऊ. एक मोलर (लिटरमागे एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलीलिटर, एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिलीलिटर. दोन्ही द्रावणं २५.० अंशांवर. मिसळल्यावर थर्मामीटर ३१.५ पर्यंत चढला. वाढ ६.५ अंश.

द्रावणाचं वस्तुमान साधारण १०० ग्रॅम, विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्याचीच धरली तर ४.१८ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश. गुणाकार २,७१७ जूल. आम्लाचे मोल ०.०५, तितकंच पाणी तयार झालं. भागाकार केला की ५४,३४० जूल, म्हणजे मोलमागे सुमारे ५४.३ किलोजूल, आणि चिन्ह उणे.

आता उत्तर जर २७.२ आलं असेल, तर चूक दोनपैकी एका ठिकाणी आहे. एक तर वस्तुमान म्हणून फक्त आम्लाचे ५० ग्रॅम घेतलेत. तापलं मात्र सगळं १०० ग्रॅम द्रावण. नाहीतर आम्ल आणि आम्लारी यांच्या मोलांची बेरीज करून ०.१ ने भागलंय. समीकरणात एका मोलाला एकच मोल लागतो आणि त्यातून पाण्याचा एकच मोल बनतो. गंमत म्हणजे दोन्ही चुकांचं उत्तर तंतोतंत सारखं येतं, त्यामुळे शेजारच्याशी उत्तर जुळलं म्हणून खूश होऊ नका. आणि दोन्ही चुका एकत्र केल्या तर १३.६.

उत्तर २,३३७ किलोजूल आलं तर? मग तापमानवाढीत २७३ मिळवलेत. ही फार लाडकी चूक आहे, कारण ‘तापमान नेहमी केल्विनमध्ये’ हे वाक्य पाठ झालेलं असतं. पण इथे तापमान नव्हे, दोन तापमानांमधला फरक लागतो. २५ ते ३१.५ हा फरक ६.५ सेल्सिअस अंश. २९८ ते ३०४.५ हा फरकही ६.५ केल्विनच. २७३ मिळवले की आपण गुपचूप असं म्हणतो की ते पाणी जवळजवळ २८० अंशांनी तापलं. तसं झालं असतं तर कपात मोजायला पाणी उरलं नसतं.

आणखी एक प्रश्न मी मुद्दाम टाकतो: दोन्ही द्रावणं ५० ऐवजी १००-१०० मिलीलिटर घेतली तर तापमान किती वाढेल? वर्गातून जोरात उत्तर येतं, “तेरा अंश!” नाही. उष्णता दुप्पट निघेल, पण ती तापवायला द्रावणही दुप्पट आहे. वाढ तीच, साडेसहा. उष्णता आणि तापमान यांतला फरक व्याख्येने कळत नाही, या प्रश्नाने कळतो.

उरलेले तीन किलोजूल कुठे गेले?

तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारीसाठी पुस्तकात आकडा ५७ किलोजूलच्या आसपास असतो. आपला ५४.३. इथे वहीत ‘मानवी चूक’ असं लिहायची पद्धत पडलीये. त्या शब्दांना काहीच अर्थ नाही. कुठली चूक, कोणत्या दिशेने, हे सांगता आलं पाहिजे.

उष्मादायी अभिक्रियेत काही उष्णता कप, थर्मामीटर आणि हवा खातात, म्हणून मोजलेला आकडा कमी येतो. काचेचा बीकर तर यात अट्टल. काचेची विशिष्ट उष्माधारकता ०.८४च्या आसपास. १०० ग्रॅमचा बीकर पूर्ण तापला तर अंशामागे ८४ जूल गिळतो. द्रावणाला अंशामागे ४१८ लागतात. म्हणजे हिशेबात न धरलेला बीकर द्रावणाच्या पाचव्या हिश्शाएवढी उष्णता घेऊन बसतो. एकात एक ठेवलेले दोन फोमचे कप आणि वर झाकण, हे दिसायला गावठी असलं तरी काचेपेक्षा कितीतरी बरं.

उत्तर ५७ च्या वर गेलं तर मात्र उष्णता निसटली हे कारण चालणार नाही. मग पाहा: दोन्ही द्रावणं सुरुवातीला एकाच तापमानाला होती का? आम्लारीचं द्रावण ताजंच बनवलेलं आणि अजून कोमट होतं का? सोडियम हायड्रॉक्साइड विरघळताना स्वतःच मोलमागे सुमारे ४४ किलोजूल देतं, त्यामुळे ही चूक फार सहज होते. की द्रावण लिहिलंय त्यापेक्षा तीव्र आहे?

शिवाय सर्वांत वरचं वाचन म्हणजे खरी कमाल वाढ नव्हे, कारण थर्मामीटर चढत असतानाच कप निवतही असतो. मिसळण्याआधी तीन-चार मिनिटं आणि मिसळल्यानंतर सहा-सात मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्या, आलेख काढा आणि निवण्याची रेषा मागे मिसळण्याच्या क्षणापर्यंत वाढवा. तिथे मिळणारं तापमान घ्यायचं. दहा मिनिटांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात.

बंध तुटला की ऊर्जा सुटते?

नाही. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, जुळला की ती सुटते. अपवाद नाही. तरी ही समजूत इतकी चिवट का? एक कारण मला जीवशास्त्राच्या पुस्तकात दिसतं: एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूमधला ‘ऊर्जेने भरलेला बंध’ तुटतो आणि ऊर्जा मोकळी होते, असं वाक्य मुलं तिथून घेऊन येतात. प्रत्यक्षात पाण्याशी अभिक्रिया होऊन जे नवे बंध जुळतात आणि जे कण स्थिरावतात, त्यांची कमाई तोडण्याच्या खर्चापेक्षा जास्त असते. त्या फरकाला आपण ‘सुटलेली ऊर्जा’ म्हणतो.

हायड्रोजन आणि क्लोरीन घ्या. हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६ किलोजूल, क्लोरीनचा तोडायला २४२. खर्च ६७८. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध जुळले, प्रत्येकी ४३१. कमाई ८६२. फरक १८४, बाहेर पडला, म्हणून डेल्टा एच उणे १८४. आता ही किंमत हायड्रोजन क्लोराइडच्या दोन मोलांची आहे, एका मोलाची उणे ९२. ‘प्रति मोल’ लिहिताना कशाचा मोल, हे न लिहिणं ही वेगळीच एक चूक, आणि ती परीक्षेत गुण खाते.

इथे सूत्रांचा घोळ होतो. निर्मिती एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून पदार्थाचा एक मोल बनतानाचा डेल्टा एच) वापरली तर उत्पादितं वजा अभिक्रियाकारकं. बंध ऊर्जा वापरली तर तुटलेले वजा जुळलेले, म्हणजे अभिक्रियाकारकं वजा उत्पादितं. दोन सूत्रं उलटी दिसतात म्हणून मुलं त्यातलं एक विसरतात. पाठ करण्यापेक्षा कारण धरून ठेवा: बंध ऊर्जा म्हणजे तोडण्याचा खर्च, जुळताना तोच आकडा चिन्ह बदलून येतो. बंध ऊर्जांचे आकडे वायुरूप रेणूंचे असतात हेही विसरू नका. अभिक्रियेत द्रव असेल तर त्याच्या बाष्पीभवनाची उष्णता वेगळी धरावी लागते.

यावरून अवस्थेची गोष्ट. मिथेनच्या ज्वलनाची एन्थाल्पी एका पुस्तकात उणे ८९०, दुसऱ्यात उणे ८०२, आणि मुलं म्हणतात छपाईची चूक. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात पाणी द्रवरूप, दुसऱ्यात वाफ. दोन मोल पाणी, मोलमागे ४४ किलोजूल, फरक ८८. समीकरणात अवस्था लिहायचा कंटाळा केला की इतका मोठा खड्डा पडतो.

हेसचा नियम आणि शून्याचा गैरसमज

अभिक्रिया कोणत्याही वाटेने, कितीही टप्प्यांत झाली तरी एकूण डेल्टा एच तोच. जर्मेन हेसने १८४० मध्ये मांडलेला हा नियम मुलांना आवडतो, कारण त्यात बेरीज-वजाबाकीच असते. चुकाही तिथेच. समीकरण उलटवलं की चिन्ह बदला, दुप्पट केलं की आकडाही दुप्पट करा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत समीकरण उलटतं, चिन्ह तसंच राहतं.

कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड बनतानाची उष्णता थेट मोजणं अवघड, कारण थोडा डायऑक्साइड बनतोच. म्हणून वळसा घ्यायचा. कार्बन ते डायऑक्साइड उणे ३९३.५, मोनॉक्साइड ते डायऑक्साइड उणे २८३.०. दुसरं समीकरण उलटवलं की अधिक २८३.०. बेरीज उणे ११०.५. कुणाचं उत्तर उणे ६७६.५ आलं तर उलटवायचं राहिलं, हे पाहताक्षणी सांगता येतं.

मूलद्रव्याची निर्मिती एन्थाल्पी शून्य, हेही अर्धंच पाठ असतं. शून्य फक्त प्रमाण स्थितीतल्या नेहमीच्या रूपाची. ग्रॅफाइटची शून्य, हिऱ्याची अधिक १.९. द्रव ब्रोमीनची शून्य, ब्रोमीनच्या वाफेची सुमारे अधिक ३१.

आणि तो हिरा. ग्रॅफाइट होण्यात त्याचा ऊर्जेचा फायदाच आहे, तरी तो होत नाही, कारण मधला सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणाऱ्या ऊर्जेचा, डोंगर फार उंच आहे. डेल्टा एच उणे म्हणजे अभिक्रिया लगेच, वेगाने होईल, असं समजू नका. तसंच उष्माग्राही म्हणजे बाहेरून तापवावंच लागतं असंही नाही. वरचा अमोनियम नायट्रेट कुणी न तापवता विरघळतो. उत्प्रेरक त्या डोंगराची उंची कमी करतो, दोन्ही पायथे हलवत नाही, म्हणून डेल्टा एच तोच.

जूल आणि किलोजूल

एन्ट्रॉपी (कण आणि ऊर्जा किती विखुरलेली आहेत याचं माप) आली की एककं फसवतात, कारण तक्त्यात एन्थाल्पी किलोजूलमध्ये असते आणि एन्ट्रॉपी जूलमध्ये. कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडूतल्या द्रव्याचं, विघटन कोणत्या तापमानाच्या वर आपणहून होऊ लागतं, हा ठरलेला प्रश्न. डेल्टा एच अधिक १७८ किलोजूल, डेल्टा एस, म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल, अधिक १६०.५ जूल प्रति केल्विन. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ते तापमान मिळतं. एन्ट्रॉपीला हजारने भागून घेतलं तर १७८ भागिले ०.१६०५, म्हणजे सुमारे १,११० केल्विन, ८४० अंश सेल्सिअसच्या आसपास. इथे मात्र केल्विनच हवं, कारण आता हे तापमान आहे, फरक नाही.

हजारने भागायचं राहिलं तर उत्तर येतं १.१ केल्विन. असा एक पेपर माझ्याकडे आला होता. उत्तराभोवती पट्टीने सुबक चौकट, खाली दोनदा अधोरेखित. त्या हिशेबाने खडूचा तुकडा द्रव हेलियमच्या तापमानालाही टिकला नसता, आणि फळ्यावर तो प्रश्न लिहिला होता तोही खडूनेच.