कोकणात पहिली नेमणूक? घर बघताना गणपतीचं आधी विचारा

विदर्भ-मराठवाड्यातून शिक्षणसेवक म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात येणाऱ्यांसाठी. 2023 पासून मानधन प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपये आहे. तेवढ्यात भागतं, पण घरभाडं जपून ठरवावं लागतं.

मालवण किंवा गणपतीपुळ्यासारख्या पर्यटनाच्या गावात खोली शोधू नका, तिथे खोल्या पर्यटकांसाठी राखलेल्या असतात. चार-पाच मैल आत, वाडीत चौकशी करा. मालक मुंबईला, घर बंद, अशी घरं पुष्कळ आहेत. घरात वावर राहतो, दिवा लागतो म्हणून मालक कमी भाड्यात खुशीने देतात. पण चाकरमानी, म्हणजे मुंबईला नोकरी करणारी ही मालक मंडळी, गणपतीला आणि मे महिन्यात येणारच. तेव्हा तुम्हाला कुठली खोली राहील, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या. ऐन चतुर्थीच्या तोंडावर दुसरी जागा मिळत नाही. कौलं कोण परतणार, विहिरीच्या पंपाचं बिल कोण भरणार, हेही विचारा.

शाळा लांब असेल तर एसटीचा मासिक पास काढा: वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास. बाईंना तिकीट निम्मंच पडतं, त्यांनी रोजचं तिकीट काढलेलं स्वस्त.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, भाजी घाटावरून येते, दोन्ही महागतात. म्हणून मे संपायच्या आत आठवडी बाजारातून सुकट, सुके बांगडे, कुळथाचं पीठ, आमसुलं, उकडे तांदूळ भरून ठेवा. मासे खात नसाल तर कुळीथ दुप्पट घ्या. पिठी-भात, म्हणजे कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण आणि भात, इथे घरोघरी जेवतात आणि पोटभरीचा असतो.