करार संपला की 50 एकर? वसाहतकालीन अमेरिकेवर लिहिताना या चुका टाळा

‘चार ते सात वर्षं राबायचं, करार संपला की 50 एकर जमीन घ्यायची.’ जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात ठरावीक वर्षं राबायचा करार करून अमेरिकेत आलेल्या, म्हणजे करारबद्ध मजुरांवरच्या लेखांत हे वाक्य हमखास भेटतं, आणि बराचसा घोळ इथूनच सुरू होतो.

व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत 1618 पासून माणशी 50 एकरांचा हक्क होता खरा, पण तो जहाजाचं भाडं भरणाऱ्याला. दहा मजूर आणले की मालकाचे 500 एकर! म्हणून जुन्या जमीनपट्ट्यात नावांची यादी दिसली, तर ती जमीनमालकांची समजू नका. ती आणलेल्या माणसांची असते. त्यावरून डोकी मोजायलाही जाऊ नका. हे हक्क सर्रास विकले जायचे आणि एकाच माणसावर दोघादोघांनी दावा ठोकल्याचे प्रकारही घडले. पट्ट्याचं वर्ष म्हणजे माणूस उतरल्याचं वर्ष, असंही नाही.

शेजारच्या मेरिलँड वसाहतीची गोष्ट वेगळी. तिथे सुरुवातीच्या दशकांत सुटलेल्या मजुराला कपडे, कुऱ्हाड, मका आणि 50 एकरांचा हक्क मिळे. पण हक्क म्हणजे सातबारा नव्हे. मोजणीचा आणि नोंदणीचा खर्च त्याच्याच डोक्यावर, त्यामुळे अनेकांनी हक्क विकून मोकळं होणं पसंत केलं. तरीही 1642 पर्यंत आलेल्या आणि पुढे तिथेच स्वतंत्र म्हणून राहिलेल्या मजुरांपैकी साधारण निम्म्यांनी जमीन केली. हा आकडा उचलून 1700 ला चिकटवू नका. 1680 च्या दशकात मेरिलँडचा हा हक्क बंद झाला. व्हर्जिनियाच्या 1705 च्या कायद्याने सुटणाऱ्या पुरुषाला मालकाने 10 बुशेल (धान्याचं जुनं माप) मका, 30 शिलिंग आणि बंदूक द्यायची. बाईला 15 बुशेल मका आणि 40 शिलिंग. त्या यादीत जमीन नाही.

अँथनी जॉन्सनबद्दल तर समाजमाध्यमांवर नुसता धुमाकूळ आहे. 1621 मध्ये व्हर्जिनियात आलेल्या या आफ्रिकी माणसाने 1651 पर्यंत 250 एकर मिळवले, आणि 1655 मध्ये ‘माझी मुदत संपली’ म्हणणाऱ्या जॉन कॅसॉर या आफ्रिकी मजुराला कोर्टाने जन्मभरासाठी त्याच्या ताब्यात दिलं. तेवढ्यावरून ‘अमेरिकेचा पहिला गुलाममालक’ ही पदवी! पण पळून गेलेल्या जॉन पंच या आफ्रिकी मजुराला मालकाची जन्मभराची चाकरी कोर्टाने 1640 मध्येच सुनावली होती. जॉन्सनच्या कराराचा कागदही हाती नाही, तेव्हा त्याला बेधडक ‘करारबद्ध मजूर’ म्हणू नका. आणि त्याची गोष्ट 250 एकरांवर तर अजिबात थांबवू नका. 1670 मध्ये तो वारल्यावर व्हर्जिनियाच्या ज्यूरीने ‘काळा, म्हणून परका’ ठरवून तिथली त्याची जमीन राजाची केली.

मेरिलँडच्या डॅनियल डुलानीचं उदाहरणही जपून वापरा. 1703 मध्ये करारावर आला, पुढे बडा जमीनदार झाला, सगळं खरं. पण तो शिकलेला होता आणि त्याचा करार घेणारा वकील निघाला. तंबाखूच्या शेतात हिवतापाने गेलेल्यांना असा मालक कुठला?

मॉरिशसला करारावर गेलेल्या आपल्या मजुरांशी, म्हणजे गिरमिटियांशी तुलना करायची असेल, तर एवढं पाहा: त्यांना महिन्याचा पगार ठरलेला असे. व्हर्जिनियातल्या मजुराची मेहनत मात्र बहुधा जहाजाच्या भाड्यात आणि खाण्यापिण्यातच वळती व्हायची.