माळ्यावरची अर्धी गोधडी पुरी कशी करावी, घरात मांजर असताना

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बोचकं खाली येतं, त्यातून अर्धी शिवलेली गोधडी निघते आणि घरातलं मांजर सगळ्यांच्या आधी तिच्यावर जाऊन बसतं. पुढे काय करायचं याचे सल्ले देणाऱ्या बहुतेकांकडे दार लावून घेता येईल अशी एक जादा खोली असते. आम्ही ठाण्यात वन बीएचकेत राहतो. हॉलमध्ये गोधडी पसरली की चालायला जागा उरत नाही, आणि ठकीला बेडरूममध्ये कोंडलं तर ती अशी बोंबलते की शेजारच्या काकू बेल वाजवून विचारतात, "काय झालं गं मांजरीला?"

आजवर अकरा अर्धवट गोधड्या मी पुऱ्या केल्या. त्यातल्या सहा माझ्या, बाकीच्या नातेवाइकांनी "तुला येतंच ना" म्हणत आणून टाकलेल्या. गोधडी म्हणजे माया, ऊब वगैरे सगळं खरं आहे, पण सुई हातात घेतली की प्रश्न मायेचा नसतो, गोधडीच्या मधे फुगून आलेल्या पोटाचा असतो. तिथे येतेच.

बोचकं सोडताना

पावसाळ्यात हात लावू नका. कापड दमट असतं आणि सुया गंजतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की दोन दिवस गच्चीत वाळवा, वरून जुनी चादर टाका, नाहीतर कबुतरं आपलं नक्षीकाम करून जातील. धुऊ मात्र नका. कडा अजून कच्च्या असतात, थर सरकतात आणि काम दुप्पट होतं.

विसरलेल्या टाचण्यांचे गंजाचे डाग दिसले तर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा. ब्लीच लावलं तर गंज आणखी पक्का बसतो. बोचक्यात डांबराच्या गोळ्या असतील तर त्या आजच घराबाहेर काढा. कुत्र्या-मांजरांना त्या विषारी असतात, आणि गोळी घरंगळली की मांजर तिच्यामागे धावणारच. त्याऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. मांजराने कापडावर शू केली असेल तर तेवढाच भाग थंड पाण्याने आणि व्हिनेगरने पुसा. फिनाईल नको, तेही मांजराला बाधतं. केस काढायला भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवा, गोळा होऊन येतात.

जुनं रीळ जुळवायच्या नादी लागू नका. हातभर दोरा घेऊन झटका द्या, तुटला तर रीळ टाकून द्या. जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन जाड सुती दोरा आणा, मुद्दाम वेगळ्या रंगाचा. थोडा इकडेतिकडे जाणारा रंग डोळ्याला खटकतो, उघड वेगळा रंग शोभतो.

दोऱ्याचा हिशेब

सगळे सुईला घाबरतात. मी दोऱ्याला घाबरते. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. त्याचं एक टोक जिभेच्या बुडाशी अडकलं आणि दुसरं आतड्यात उतरलं की नाडी ओढल्यावर परकराचा नेफा गोळा होतो तसं आतडं गोळा होतं. पुढे ताणलेला दोरा आतड्याला कापतोही.

हे मी वाचून शिकले नाही. ठकी वर्षाची होती. दुपारी तिने दोनदा ओकारी काढली, मग पाण्यालाही तोंड लावेना. तिच्या तोंडाच्या कडेला चार बोटं लाल दोरा लोंबत होता, माझ्याच गोधडीचा. शेजारून आवाज आला, "ओढ की, येईल बाहेर." मी चिमटीत धरलाही होता. तेवढ्यात फोनवर डॉक्टर ओरडले, "हात लावू नका, तसंच घेऊन या." दोऱ्याचा वेढा जिभेखाली बसला होता. ऑपरेशन झालं, पोटावरचे केस भादरले, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून ती दहा दिवस भिंतींवर आपटत फिरली. ती गोधडी तीन वर्षं माळ्यावर पडून होती ती यामुळे. आळसामुळे नाही.

तेव्हा दोरा तोंडातून लोंबो की शेपटीखालून, ओढायचा नाही आणि घरचा उपाय करत रात्र काढायची नाही. आमच्या पिढीला प्राण्यांचा दवाखाना म्हटलं की परळचं बैलघोडा हॉस्पिटल तेवढं आठवतं, पण संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याहून परळ गाठणं म्हणजे काय ते सांगायला नको. जवळचा डॉक्टर आणि त्याची वेळ आजच एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

माझी पद्धत साधी आहे. पाच सुया काढते, उठताना पाच मोजून डबीत टाकते. चारच भरल्या तर उठत नाही. दोरा हातभरच कापते आणि रीळ पिशवीत, चेन लावून. शेजारी लोणच्याची रिकामी बरणी असते, फिरकीच्या झाकणाची. कापलेलं प्रत्येक टोक सरळ तिच्यात. मांडीवर, पदराला, चटईवर कुठेच नाही. "शेवटी एकदम झाडून घेईन" म्हणणाऱ्या बाईच्या घरी मी मांजर देणार नाही.

मधलं पोट

अर्ध्या गोधड्या अडतात त्या इथे. गोधडी कडेने शिवत आत येतो, एकात एक चौकटी. धावदोऱ्याचा प्रत्येक टाका थोडं कापड खातो, हात वरचा पदर थोडा पुढे ढकलतो, आणि हे सगळं जादा कापड मध्याकडे सरकत जातं. दहा-बारा चौकटी झाल्या की मधे पोट येतं. मग आपण म्हणतो, उद्या बघू.

इथे जो सल्ला सर्रास मिळतो तो असा: "दाबून शिवून टाक, धुतल्यावर बसेल." बसत नाही. चुण्या पडतात आणि त्या चुण्यांवर झोपलेल्याला सकाळी पाठीवर नकाशा मिळतो. मी दोन गोधड्या अशा वाया घालवल्यात. दुसरा सल्ला पोटाला चिमटे घेऊन शिवण्याचा. तो त्याहून वाईट, कारण जुनं विरलेलं कापड चिमट्याच्या टोकाशीच फाटतं.

उसवावं लागतं. किती, ते तळहात सांगतो. गोधडी जमिनीवर पसरा, तळहात कडेपासून आत सरकवा. जिथे हातापुढे कापडाची घडी चढायला लागते तिथून दोन चौकटी मागे या आणि तिथून आतलं सगळं उसवा. आता महत्त्वाचं: एक आखूड बाजूही कडेपर्यंत पूर्ण उसवा. चारही बाजू बंद ठेवून मधलं कापड कितीही सारखं केलंत तरी ते फक्त जागा बदलतं. जादा कापडाला बाहेर पडायला वाट हवी. हे मला कुणी सांगितलं नाही, तिसऱ्या गोधडीला कळलं.

उसवताना दर चौथा टाका छोट्या कात्रीने कापा आणि मधला तुकडा ओढून काढा. बोटभर लांबीचे शेकडो तुकडे निघतात, म्हणजे मांजरासाठी सगळ्यात धोक्याची वेळ हीच. एका बैठकीत एकच बाजू करा. बरणीचं झाकण लावल्याशिवाय दारही उघडायला उठू नका.

बाजू उघडली की वरचा पदर वहीच्या पानासारखा उलटवा आणि आत बघा. त्या तीन वर्षांच्या गोधडीत मला दोन सुती साड्यांच्या मधे एक नायलॉनची सापडली. जाडी यावी म्हणून मीच घातलेली. ती गुळगुळीत साडी सरकत होती आणि वरचीलाही सरकवत होती. तिन्ही शिवलेल्या कडांच्या आतून कापून ती काढली, त्या मापाचं जुनं धोतर घातलं. मग वरचा पदर परत टाकून बंद कडेकडून उघड्या कडेकडे तळहाताने सारखा करत नेला. चार बोटं कापड बाहेर आलं. तेवढंच ते पोट होतं.

टाचणं

टाचणं म्हणजे थर हलू नयेत म्हणून घातलेले मोठे कच्चे टाके, शेवटी काढून टाकायचे. हे एका बैठकीत पुरं झालंच पाहिजे, कारण टाचण्याआधी चार किलोचं मांजर गोधडीवरून एकदा पळालं की सगळं पुन्हा. सेफ्टी पिना लावा म्हणतात. मांजराच्या घरात नको. पिना ते पंजाने उचकटतं, एक तरी सोफ्याखाली जाते आणि पायात घुसून सापडते.

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतं, दुपारी झोपतं. म्हणून साडेबाराला दोरीला बांधलेली चिंधी घेऊन तिला वीस मिनिटं दमवायचं, ती दोरी कपाटात बंद करायची, मग जेवण द्यायचं. खेळ, जेवण, झोप या क्रमाने ती जाते. गोधडीच्या शेजारी खोक्यात जुन्या साडीचा तुकडा ठेवा, तोही तिने आधी वापरलेला, न धुतलेला. संत्र्याच्या साली मांडून बघितल्या, ठकी त्यांच्या शेजारी पसरून झोपली. निलगिरी किंवा टी ट्री तेल शिंपडायचं तर नावच काढू नका, मांजराला ते विषारी आहे.

ती झोपली की पांढऱ्या दोऱ्याने मधून सुरुवात करा आणि उघड्या कडेकडे जा. टाके दोन बोटं लांब, दोन रांगांत वीतभर अंतर. उभ्या रांगा झाल्या की आडव्या. मला दोन तास लागतात, कंबर तिसऱ्या तासाला बोलते. उघड्या बाजूला बाहेर आलेली पट्टी आता कापा, आधी नाही. इथून पुढे मांजर खुशाल बसू दे. थर हलत नाहीत.

कुत्रं असेल तर हे सगळं निम्म्या कष्टात होतं, कारण त्याला "नाही" कळतं. पिल्लू असेल तर ते मांजरच समजा.

उरलेलं

आखूड कड दुमडून शिवा, मग चौकटी पुन्हा आत न्या, पांढऱ्या टाक्यांच्या प्रत्येक रांगेपाशी थांबून तळहात फिरवा. मधली शेवटची चौकट झाली की पांढरे टाके काढा, तेही मोजून बरणीत.

पहिली धुलाई थंड पाण्यात, हाताने. ओली गोधडी एका टोकाने लटकवू नका, पाण्याच्या वजनाने टाके ताणतात. दोन दोऱ्यांवर आडवी टाका, आणि संध्याकाळी आत आणताना झटका.