सोलियस आणि ईडीएलमधलं फॉस्फोरिलेशन तपासायचंय? मग हे आधी वाचा

सोलियस आणि ईडीएल हे मागच्या पायाचे दोन स्नायू, पहिला हळू (स्लो) आणि दुसरा झटपट (फास्ट) आकुंचन पावणारा; फॉस्फोरिलेशन म्हणजे प्रोटीनला फॉस्फेट चिकटणं. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. वेस्टर्न ब्लॉटवर रॅटच्या सोलियसमध्ये फॉस्फो-अँटीबॉडीचा (म्हणजे फक्त फॉस्फेट लागलेलं प्रोटीन ओळखणाऱ्या अँटीबॉडीचा) बँड ईडीएलपेक्षा गडद आला म्हणून लगेच "स्लो फायबरमध्ये फॉस्फोरिलेशन जास्त" असं लिहून मोकळं व्हायचं नाही, कारण मुळात ते प्रोटीनच सोलियसमध्ये जास्त असू शकतं. म्हणून फॉस्फो आणि टोटल, दोन्ही मोजायचं आणि त्यांचं गुणोत्तर बघायचं.

रॅटच घ्या शक्यतो. त्याचा सोलियस जवळपास सगळा टाइप वन, म्हणजे स्लो फायबर, ईडीएल बहुतेक फास्ट, म्हणजे टू-एक्स आणि टू-बी. माउसच्या सोलियसमध्ये टू-ए (हेही फास्टच) भरपूर असतात, त्यामुळे त्याला सरळ "स्लो" म्हणता येत नाही. माणसाच्या बायोप्सीत तर टू-बी प्रोटीन शोधत बसूच नका, हातापायाच्या स्नायूंत ते सापडत नाही.

आयएईसीची (प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीची संस्थेतली नीतिसमिती) परवानगी वगैरे झाली असं धरतो. स्नायू काढला की सेकंदांचा खेळ असतो, ओढाताण झाली, टेबलावर पडून राहिला की फॉस्फोरिलेशन बदलतं, तेव्हा लिक्विड नायट्रोजनमध्ये गार केलेल्या चिमट्यातच दाबून गोठवा. सेक्शन कापायचे असतील तर मात्र गार आयसोपेंटेन वापरा, नाहीतर बर्फाच्या क्रिस्टलनी फायबरमध्ये भोकं पडतात.

बफरमध्ये सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि ऑर्थोव्हॅनाडेट, हे फॉस्फेटेज इन्हिबिटर, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे. व्हॅनाडेट पीएच १० ला आणून पिवळा रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करायचं, परत पीएच बघायचा, रंग परत येईनासा होईपर्यंत हेच. कंटाळवाणं आहे पण टाळू नका. ॲसिटिलेशन (प्रोटीनला ॲसिटिल गट चिकटणं) बघायचं असेल तर तो गट काढणारी एन्झाइमं रोखायला निकोटिनामाइड आणि ट्रायकोस्टॅटिन-ए घाला.

आता बरेच जण गंडतात ती जागा. होमोजिनेट सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी तेवढं घेतात, आणि मायोसिनसकट आकुंचनाचं अर्धं मशीन खाली पेलेटमध्ये फेकून देतात! कॉन्ट्रॅक्टाइल प्रोटीन बघायचंय तर स्पिन करूच नका, अख्खं होमोजिनेट एसडीएसमध्ये (प्रोटीन विरघळवणारं डिटर्जंट) घ्या. दुसरं म्हणजे लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रोटीन पडलं का ते बघायची खूण) म्हणून जीएपीडीएच. अहो, ते ग्लायकोलिसिसचं एन्झाइम, फास्ट फायबरमध्ये ते जास्त असणारच, त्यानं भागाकार केला की सगळा हिशोबच वाकडा. टोटल प्रोटीन स्टेन वापरा, पॉन्सो-एस पण चालेल, आणि दोन्ही स्नायू एकाच मेम्ब्रेनवर, शेजारी एका सॅम्पलची वाढत्या लोडची शिडी, म्हणजे सिग्नल लिनियर आहे का ते कळतं. ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनची मोकळी जागा झाकायला) दुधाऐवजी बीएसए (बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन), कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन.

अँटीबॉडीवर विश्वास बसत नसेल (बसूही नये) तर सॅम्पलचे दोन भाग करा, एकाला लॅम्डा फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) द्या. त्यात फॉस्फेटेज इन्हिबिटर टाकायचे नाहीत, हे सांगायला नको. बँड तसाच राहिला तर ती अँटीबॉडी फॉस्फो-स्पेसिफिक नाही.

पॉझिटिव्ह कंट्रोल हवा असेल तर मायोसिनची रेग्युलेटरी लाइट चेन मस्त. ईडीएलला टेटॅनिक स्टिम्युलेशन दिलं की तिचं फॉस्फोरिलेशन चढतं आणि पुढच्या ट्विचची ताकदही वाढते, सोलियसमध्ये हे फारसं होत नाही. फॉस-टॅग जेलवर (फॉस्फेट लागलेलं प्रोटीन यात मागे रेंगाळतं) फॉस्फेट असलेली आणि नसलेली असे दोन बँड सुटे दिसतात, फक्त सॅम्पलमध्ये ईडीटीए नको, ते जेलमधला धातूच ओढून घेतं. आणि फास्ट आणि स्लो लाइट चेन वेगवेगळ्या जीन्सच्या आहेत, तेव्हा अँटीबॉडी दोघींना सारखी चिकटते का ते तपासून घ्या.

शेवटी फायबर टाइपचा पुरावा. मायोसिन हेवी चेनचं (फायबरचा टाइप हिच्यावरूनच ठरतो) जेल जास्त ग्लिसरॉल घालून, कोल्ड रूममध्ये रात्रभर किंवा त्याहून जास्त चालवा, रॅटमध्ये वरून टू-ए, टू-एक्स, टू-बी आणि सगळ्यात खाली टाइप वन अशी रांग लागते. पेशन्स असेल तर मायक्रोस्कोपखाली एकेक फायबर सोडवा, अर्ध्या तुकड्यात टाइप बघा, उरलेल्यात फॉस्फोरिलेशन. वेळ खूप जातो, पण मिक्स्ड स्नायू असेल तर दुसरा रस्ता मला तरी पटत नाही.