चार बाय दोनच्या फळीवर कसारा घाट

घरी छोटी मॉडेल रेल्वे मांडायची? आधी फळी मोजा, मग इंजिन घ्या. मी उलटं केलं, पस्तावलो. चार बाय दोन फुटांच्या प्लायवर एन स्केल (1:160, म्हणजे खऱ्याच्या 160 वा भाग; दोन रुळांमधलं अंतर 9 मिमी) बसतं. वळणाची त्रिज्या 25 सेंमी धरा.

आम्हा नाशिककरांना घाट हवाच! कसारा-इगतपुरीचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 पुढे गेलं की 1 वर. पुलाखालून गाडी जायला रूळ 5 सेंमी उचलायचा, म्हणजे 185 सेंमी लांबीचा चढ लागणार. फळीची लांबी जेमतेम 122, तेव्हा चढ वळणावरून फिरवून न्या. मोठ्या कागदावर खऱ्या मापात आखा, त्यावर डबा ढकलून बघा.

डोंगर टोकदार करू नका. आपले डोंगर बेसाल्टच्या थरांचे, माथ्याला सपाट. थर्माकोलचे तुकडे पायऱ्यांसारखे रचा. उभ्या कड्यांना काळपट रंग, पायरीवर हिरवा भुसा. रंग ब्रशनेच. मी स्प्रे मारला आणि थर्माकोलचा अख्खा अंजनेरी डोंगर डोळ्यांदेखत विरघळला. बायको अजून हसते.

मातीसाठी उकळलेली चहापूड वाळवून फेविकॉलवर भुरभुरवा. नीट वाळवा, नाहीतर बुरशी येते. द्राक्षबाग हवी? ओळींत 9 फूट अंतर धरलं तर इथे 17 मिमी.